कुलपाआडचे धडे

१९६२ सालची गोष्ट. अमेरिकेतल्या एमआयटीत ॲलन शेर नावाचा एक पीएचडीचा विद्यार्थी होता. एकाच संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची सोय, म्हणजे सीटीएसएस, तिथे नुकतीच सुरू झाली होती. फर्नांडो कोर्बातो यांनी उभारलेल्या त्या यंत्रणेत प्रत्येकाला आपापला पासवर्ड होता. शेरच्या वाट्याला आठवड्याचे चार तास यायचे आणि प्रबंधाचं काम तेवढ्यात भागत नव्हतं. पंचकार्ड टाकलं की हवी ती फाइल छापून मिळते, हे त्याच्या लक्षात आलं होतं. एका शुक्रवारी रात्री त्याने चक्क पासवर्डांची फाइलच छापायला टाकली आणि शनिवारी सकाळी जाऊन कागद उचलून आणले. पंचवीस वर्षांनी त्याने हे स्वतःच सांगून टाकलं.

शेरला कुणाची गुपितं वाचायची नव्हती. त्याला इतरांच्या नावावरचे तास हवे होते. त्याच्या लेखी संगणकावरचा पासवर्ड होता तो असा, रेशन कार्डासारखा. माल थोडा, खाणारी तोंडं जास्त, म्हणून प्रत्येकाच्या नावाची नोंद.

मी भोसरीच्या एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी करते. डिप्लोमा करून शॉप फ्लोअरवर लागले, पुढे ट्रेनिंग विभागात आले आणि आता कंपनीचं ट्रेनिंग पोर्टल माझ्याकडे आहे. दिवसातले निम्मे फोन एकाच चालीचे असतात: "मॅडम, माझ्याकडे तो कोर्स दिसत नाही." कुणाला काय दिसावं हे माझ्या हातात, म्हणून लोक मला जरा बिचकूनच असतात. कुलूप आहे म्हणजे आत काहीतरी मौल्यवान असणार, असा त्यांचा समज. आत बहुतेक वेळा टॉर्क रेंच कसा धरायचा याचा छोटासा व्हिडिओ असतो. मग कुलूप कशाला? या प्रश्नापायी मी शिकवण्याच्या सॉफ्टवेअरच्या इतिहासात शिरले. वाचता वाचता एक गोष्ट पक्की होत गेली: कुलूप पिढ्यान्‌पिढ्या तेच राहिलं, राखायची वस्तू मात्र दर वेळी वेगळी निघाली. आणि त्या वस्तूंत ज्ञानाचा नंबर फार क्वचित लागतो.

कागदाच्या जमान्यातही असंच होतं म्हणा. मी लागले तेव्हा सीएनसी मशीनची दोन प्रकारची मॅन्युअलं असायची. ऑपरेटरचं मॅन्युअल मशीनशेजारी, तेल लागून पानं पारदर्शक झालेलं. मेंटेनन्सचं मॅन्युअल इन्चार्जच्या लोखंडी कपाटात. आम्हा पोरांना वाटायचं, खरी विद्या त्या कपाटात आहे. एकदा ते हाती लागलं तेव्हा पाहिलं, तर पानामागून पान नुसत्या पॅरामीटरच्या आकड्यांचं. कपाट बंद ठेवायचं कारण इतकंच, की कुणी उत्साही पोराने एक आकडा इकडचा तिकडे केला तर मशीन दोन दिवस उभं राहील. कंट्रोल पॅनलवरची मेमरी प्रोटेक्टची चावीही त्यासाठीच. ती फिरवल्याशिवाय प्रोग्रॅम वाचता येतो, बदलता येत नाही. वाचणं आणि बदलणं यांतला हा फरक मला पुढे सगळीकडे भेटत राहिला.

शिकवण्यासाठीच बांधलेली पहिली मोठी संगणक यंत्रणा म्हणजे इलिनॉय विद्यापीठातलं प्लेटो. डोनाल्ड बिट्झर या अभियंत्याने १९६० साली ते सुरू केलं तेव्हा त्याला एकच टर्मिनल होतं. पुढल्या वर्षी दोन झाली, १९६३ च्या सुमारास वीसपर्यंत सोय झाली, आणि १९७२ साली प्लेटो-४ आलं तेव्हा आकडा हजाराच्या दिशेने निघाला. त्या टर्मिनलचा पडदा आपल्या ओळखीच्या टीव्हीसारखा नव्हता. बिट्झर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी प्लेटोसाठीच शोधलेला तो सपाट प्लाझ्मा पडदा, काळ्यावर नारिंगी ठिपके, आडवे ५१२ आणि उभे ५१२. त्याला बोटाने स्पर्श करून उत्तर देता यायचं. हे १९७२ साली, हे पुन्हा सांगते, कारण मला स्वतःला ते पचायला वेळ लागला.

आत शिरायची रीत अशी. आधी आपलं नाव टाइप करायचं. मग आपल्या गटाचं नाव टाइप करून शिफ्ट दाबून ठेवायचं आणि स्टॉप नावाची कळ दाबायची. मग पासवर्ड. इथून पुढे माणसामाणसांत फरक पडायचा. विद्यार्थी म्हणून नोंद असेल तर नेमून दिलेला धडा थेट समोर यायचा. दुसरीकडे भटकायला वाव नाही. ऑथर म्हणून नोंद असेल तर एक कोरी जागा यायची: कोणता धडा हवा, नाव सांगा. ट्यूटर नावाच्या भाषेत धडे लिहिले जायचे. ती पॉल टेंझर या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याने १९६७ साली तयार केली होती, म्हणजे शिकवणाऱ्याला प्रोग्रॅमर न होता धडा लिहिता यावा म्हणून. आणि प्रत्येक धड्याला वेगवेगळे कोड लावता यायचे. एक, आतला मजकूर नुसता पाहण्याचा. दुसरा, तो बदलण्याचा. भोसरीतल्या त्या पॅनलवरची चावी आणि हा कोड, दोघांचं काम एकच.

पण प्लेटोवरची खरी टंचाई जागेची होती. धडा चालायचा तर तो संगणकाच्या जलद स्मृतीत आणावा लागे आणि ती स्मृती महाग. डिस्कवर धड्यांच्या फायली गटागटांना मोजून वाटलेल्या असत. आता पोरं म्हटल्यावर, आणि नारिंगी पडदा रात्रभर चालू म्हटल्यावर, खेळ आलेच. कामाच्या वेळेत खेळ बंद ठेवण्याचे नियम झाले, ते राबवणारे प्रोग्रॅम झाले. खेळांनीही धड्यांचा वेष घ्यायला सुरुवात केली.

त्यातला माझा सगळ्यात आवडता किस्सा १९७५ चा. रस्टी रदरफोर्ड हा लोकसंख्या आणि ऊर्जा या विषयाच्या गटात काम करायचा. त्या गटाला ज्या फायली वाटून दिल्या होत्या त्यांतल्या काही रिकाम्याच पडल्या होत्या. त्याने तळघर, राक्षस, खजिना असा एक खेळ लिहिला आणि तो ‘पेडिट५’ नावाच्या रिकाम्या फाइलमध्ये ठेवून दिला. कुणी यादी चाळली तर वाटावं, लोकसंख्येचा काहीतरी रुक्ष धडा असेल. खेळणाऱ्यांना मात्र कानोकानी पत्ता लागला. सांभाळणाऱ्यांना कळलं तेव्हा त्यांनी फाइल पुसली. ती परत आली. परत पुसली. आज संगणकावरच्या तळघरातल्या खेळांचा इतिहास लिहिणारे सुरुवातीच्याच पानावर पेडिट५ हे नाव लिहितात आणि त्या नावाचा अर्थ सांगताना त्यांना लोकसंख्येच्या धड्यांपर्यंत जावं लागतं. माझ्या पोर्टलवरही ‘फायर सेफ्टी – जुना’ नावाचा एक फोल्डर होता. त्यात स्टोअरमधल्या कुणीतरी क्रिकेटच्या सामन्यांच्या क्लिपा साठवून ठेवल्या होत्या. मला राग आला नाही. परंपरा आहे म्हटलं.

प्लेटोवरच्या प्रवेशाच्या कहाणीतली दुसरी जागा १९७३ ची. यंत्रणेतल्या अडचणी लोक एका मोकळ्या फाइलमध्ये लिहून ठेवत. मोकळी म्हणजे कुणीही लिहावं, आणि कुणीही दुसऱ्याचं लिहिलेलं पुसावं. पुसायचेही. तेव्हा डेव्हिड वुली या सतरा वर्षांच्या मुलाला काम मिळालं, की असं काहीतरी कर ज्यात लिहिलेलं टिकेल. त्याने नोट्स नावाचा प्रोग्रॅम लिहिला. काही वर्षांत गटांच्या स्वतंत्र नोट्स आल्या आणि कुणाला वाचता यावं, कुणाला लिहिता यावं, याच्या याद्या त्यांना जोडता येऊ लागल्या. इथे कुलपाने पहिल्यांदा राखला तो माणसांचा शब्द. माझ्या मते सगळ्या इतिहासातलं हे सर्वांत सोज्वळ कुलूप.

मग धंदा आला. कंट्रोल डेटा कॉर्पोरेशनचे प्रमुख विल्यम नॉरिस १९६० च्या दशकापासून बिट्झरला यंत्रं पुरवत होते. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात कंपनीने प्लेटो बाजारात आणलं आणि त्यात प्रचंड पैसा ओतला. विमान कंपन्यांचे वैमानिक त्यावर शिकले, अमेरिकेतल्या शेअर दलालांच्या परवान्याच्या परीक्षा त्यावर झाल्या. पण कंपनी आपल्या केंद्रातल्या संगणकाचे तासाला ५० डॉलर घ्यायची. एवढ्या पैशात त्या काळी हाडामांसाचा शिक्षक मिळत होता, आणि तो प्रश्न विचारल्यावर उत्तरही देत होता. प्लेटोच्या धंद्याला पुढे उतरती कळा लागली त्याच्या कारणांत हे मोठं कारण. आता नोंदीमागची टंचाई यंत्राची राहिली नव्हती. मिनिटामिनिटाला मीटर फिरत होतं आणि बिल कुणाच्या नावे फाडायचं, यासाठी नाव हवं होतं.

हे मीटर मी स्वतः अनुभवलंय, वेगळ्या रूपात. पूर्वी आम्ही बाहेरच्या एका पुरवठादाराकडून कोर्स घ्यायचो, दर माणशी दर वर्षी अमुक रुपये. माणूस नोकरी सोडून गेला तरी त्याची जागा वर्ष संपेपर्यंत त्याच्याच नावे अडकलेली. नवीन आलेला पोरगा बाकावर बसून. शेवटी सुपरवायझर मंडळी गेलेल्या माणसाच्या लॉगिनवर नव्याला शिकवू लागली. त्या वर्षाच्या अहवालात आमच्याकडे राजीनामा दिलेली माणसं सगळ्यात अभ्यासू निघाली.

१९८० च्या दशकात विमान उद्योगाला एक वेगळाच ताप होता. बोइंगचं प्रशिक्षण एका यंत्रावर चालायचं, एअरबसचं दुसऱ्यावर, मॅकडॉनेल डग्लसचं तिसऱ्यावर. विमान कंपनीने किती यंत्रं घ्यायची? म्हणून १९८८ साली एआयसीसी ही समिती झाली. पुढे अमेरिकी संरक्षण खात्याच्या एडीएल या उपक्रमातून २००० साली स्कॉर्म हे प्रमाण आलं. धडा कुणीही बनवावा, तो कुठल्याही पोर्टलवर चालावा, हा हेतू. आजही माझ्याकडे येणारे बहुतेक कोर्स स्कॉर्मच्या झिप फाइलमध्येच येतात. या प्रमाणाने धड्याला आणि पोर्टलला आपापसात बोलायची भाषा दिली. सगळ्यात जास्त चाललेल्या १.२ या आवृत्तीत धड्याची स्थिती सांगायला सहाच शब्द आहेत: पास्ड, कम्प्लीटेड, फेल्ड, इनकम्प्लीट, ब्राउझ्ड आणि नॉट अटेम्प्टेड. पाचवा पाहा. कुणी नुसतं चाळून पाहिलं, तर तीही एक मानाची नोंद समजावी, अशी सोय प्रमाण लिहिणाऱ्यांनी करून ठेवली आहे. मी इतकी वर्षं अहवाल काढते, त्या रकान्यात एकही नाव आलेलं आठवत नाही. कोर्स बनवणारे तो पर्याय वापरतच नाहीत, कारण विकत घेणाऱ्याला चाळणारा माणूस नको असतो, पूर्ण करणारा हवा असतो. इथे पारडं फिरलं. कुलूप आता मालाला राहिलं नाही, हजेरीला लागलं. २००४ च्या स्कॉर्ममध्ये तर धड्यांचा क्रमही बांधून देता येऊ लागला: पहिला पुरा झाल्याशिवाय दुसरा उघडणार नाही.

आता कोर्टाची गोष्ट, जी मी ट्रेनिंगला आलेल्या प्रत्येक नव्या सहकाऱ्याला चहा पिताना सांगते.

आमच्या पेंट शॉपमधले एक सुपरवायझर आहेत. रंगाच्या फवाऱ्याचा कोर्स ते स्वतः शिकवतात, त्यांची हातोटी कुणाला नाही. तेच गृहस्थ प्रथमोपचाराच्या कोर्सला मात्र विद्यार्थी म्हणून बसतात. पोर्टलवर त्यांचं नाव एकच, लॉगिन एकच. एका कोर्समध्ये शिरले की त्यांना सगळ्यांचे गुण दिसतात, दुसऱ्यात शिरले की फक्त स्वतःचे. कुणालाही वाटेल, यात काय विशेष? शाळेत मराठीचे सर स्काउटच्या शिबिरात शिबिरार्थी होतातच की.

अमेरिकेतल्या ब्लॅकबोर्ड या कंपनीने यावर पेटंट मिळवलं. १७ जानेवारी २००६, क्रमांक ६९८८१३८. इंटरनेटवरच्या शिक्षण यंत्रणेबद्दलच्या त्या पेटंटात ४४ दावे होते आणि त्यातल्या कळीच्या दाव्यांचा गाभा हाच: एकाच वापरकर्त्याला निरनिराळ्या कोर्समध्ये निरनिराळ्या भूमिका द्यायच्या आणि भूमिकेप्रमाणे कोर्सच्या फायली दाखवायच्या किंवा झाकायच्या. म्हणजे माझं रोजचं काम. ब्लॅकबोर्ड तेव्हा या बाजारातली सर्वांत मोठी कंपनी. तिने नुकतंच वेबसीटी हे प्रतिस्पर्धी सॉफ्टवेअरही विकत घेतलं होतं, जे १९९० च्या दशकात कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात मरे गोल्डबर्ग यांनी सुरू केलेलं. जुलै २००६ मध्ये तिने डिझायरटूलर्न या कॅनडातल्याच छोट्या कंपनीवर टेक्ससच्या लफ्किन गावच्या न्यायालयात दावा ठोकला.

मग जे झालं ते मला फार आवडतं. जगभरातले शिक्षक आणि प्रोग्रॅमर भडकले आणि कामाला लागले. विकिपीडियावर या सॉफ्टवेअरच्या इतिहासाचं एक लांबलचक पान तयार होऊ लागलं. कुणी कोणत्या साली काय केलं होतं, कोणत्या विद्यापीठात शिक्षकाची आणि विद्यार्थ्याची भूमिका आधीपासून वेगळी होती, याची साल-वार जंत्री. प्लेटोही त्यात आलं. एरवी आपल्या धंद्यात इतिहास कोण लिहितो? जुनं सॉफ्टवेअर गेलं की त्याचं मॅन्युअल रद्दीत. इथे पेटंटाच्या धास्तीने लोकांनी आपल्या धंद्याचा इतिहास महिन्याभरात लिहून काढायला घेतला. मला जे माहीत आहे त्यातलं बरंच त्या पानामुळे.

निकाल दोन टप्प्यांत लागला. पहिले ३५ दावे अर्थ नीट लागत नाही म्हणून न्यायाधीशांनी आधीच बाद ठरवले होते. फेब्रुवारी २००८ मध्ये ज्युरीने उरलेल्यांवर ब्लॅकबोर्डच्या बाजूने कौल दिला, भरपाई ३१ लाख डॉलर. प्रकरण अपिलात गेलं. तिथे खल झाला तो या मुद्द्यावर, की एकाच लॉगिनने अनेक भूमिका ही खरी नवी गोष्ट, असं कंपनी म्हणते, पण तिच्या दाव्यात एकाच लॉगिनचा उल्लेख तरी कुठे आहे? नाही, असं न्यायालय म्हणालं, आणि लॉगिनची अट काढली तर हे सगळं आधीच्या सॉफ्टवेअरमध्ये होतंच. २७ जुलै २००९ रोजी तेही दावे बाद झाले. त्याच वर्षाच्या शेवटी दोन्ही कंपन्यांनी आपसात मिटवून टाकलं.

हा दावा चालू असताना ज्या मोफत सॉफ्टवेअरच्या गोटात सर्वांत जास्त खळबळ होती ते मूडल. आमचं पोर्टल त्यावरच चालतं. ते लिहिणारे मार्टिन डुगियामस ऑस्ट्रेलियातले. त्यांचं लहानपण पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी मुलखात गेलं, जिथे शाळा शॉर्टवेव्ह रेडिओवरून भरायची. पुढे पर्थच्या कर्टिन विद्यापीठात ते वेबसीटी सांभाळायचे, म्हणजे माझ्यासारखंच काम करायचे, आणि त्याला वैतागून त्यांनी स्वतःचं लिहायला घेतलं. २० ऑगस्ट २००२ रोजी मूडलची पहिली आवृत्ती आली. सगळा कोड खुला.

खुल्या कोडाचं हे सॉफ्टवेअर, पण झाकण्याच्या बाबतीत याच्यासारखं बारीक दुसरं नसेल. संपादन सुरू केलं की प्रत्येक धड्याला एका डोळ्याची खूण मिळते. तिच्यावर टिचकी मारली की डोळ्यावर तिरकी रेघ येते आणि धडा विद्यार्थ्यांना दिसेनासा होतो, शिकवणाऱ्याला मात्र फिकट दिसत राहतो. मग नावनोंदणीची की असते: कोर्समध्ये शिरायचा एक परवलीचा शब्द. २००६ च्या शेवटी १.७ आवृत्ती आली तेव्हा भूमिका हव्या तशा घडवता येऊ लागल्या, प्रत्येक भूमिकेपुढे परवानग्यांची भलीमोठी यादी, आणि प्रत्येकीपुढे द्या, नका देऊ, सक्त मनाई असे पर्याय. २.० मध्ये अटी आल्या: अमुक तारखेनंतर, अमुक गुण मिळाल्यावर, अमुक धडा संपल्यावर. अट पुरी नसेल तर धड्याच्या नावाखाली छोटं कुलूप आणि कारण. हे कारण लिहिणं मला सभ्यपणाचं वाटतं. इन्चार्जच्या लोखंडी कपाटावर कुणी कधी कारण लिहिलं नव्हतं.

नावनोंदणीच्या कीचं आमच्याकडे काय झालं, तेही सांगते. मी दर महिन्याला ती बदलायची. एका रात्रपाळीनंतर कॅन्टीनच्या पांढऱ्या फळ्यावर पाहिलं, तर ‘आज: मिसळ’ याच्याखाली सुवाच्य अक्षरात चालू महिन्याची की. पुसली नाही. त्या महिन्यात नोंदणी सगळ्यात जास्त झाली.

आपल्याकडे या सगळ्याला जे वळण मिळालं ते सरकारी आणि सार्वजनिक संस्थांमुळे. आयआयटी मुंबईत प्रा. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने अभियांत्रिकीच्या हजारो शिक्षकांना एकाच वेळी प्रशिक्षण देणारा मोठा प्रकल्प चालला. देशभरातली कॉलेजं रिमोट सेंटर म्हणून जोडलेली, स्वाध्याय आणि चाचण्या मूडलवर, आणि साहित्य पुढे सगळ्यांसाठी खुलं. त्याच आयआयटीतल्या प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या स्पोकन ट्युटोरियलचे व्हिडिओ तर कुणीही, कुठूनही, लॉगिनशिवाय पाहावेत. ते मराठीतही आहेत आणि आमच्या डिझाइन विभागातल्या पोरांनी त्यांवर बरंच काही शिकून घेतलं. नाव-गाव सांगावं लागतं ते परीक्षेला आणि प्रमाणपत्राला.

ही वाटणी दीक्षावर आणखी स्पष्ट दिसते. केंद्र सरकारने २०१७ साली सुरू केलेलं हे पोर्टल सनबर्ड या खुल्या सॉफ्टवेअरवर उभं आहे. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड फोनने टिपला की धडा उघडतो, कोण आहात हे कुणी विचारत नाही. निष्ठा हे शिक्षकांचं प्रशिक्षण २०१९ साली प्रत्यक्ष वर्गांतून सुरू झालं होतं, करोनामुळे ते ऑक्टोबर २०२० पासून दीक्षावर आलं: १८ मॉड्यूल, पंधरवड्याला तीन-तीन उघडणारी. माझी नणंद जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिने त्या दिवाळीत मला फोन केला, "वहिनी, मला एक सांगा. पोरांच्या धड्याला लॉगिन लागत नाही, मग आमच्याच धड्याला का? आम्ही काय पळवून नेणार आहोत?"

तिला म्हटलं, "अगं, तू पळवून नेशील म्हणून नाही. तू आली होतीस हे दाखवायला."

"म्हणजे मस्टर."

"मस्टरच."

ती हसली आणि पुढच्या मॉड्यूलची तारीख विचारून फोन ठेवला. शिक्षकी पेशातल्या माणसाला मस्टर समजावून सांगावं लागत नाही. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी मिशन कर्मयोगीला मंजुरी मिळाली तीही त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये, आणि तिथल्या आयगॉट या पोर्टलवरही हीच तऱ्हा: कुणी किती कोर्स पुरे केले, याची नोंद माणसाच्या नावाला चिकटलेली.

कारखान्यात हे मस्टर ऑडिटरसाठी असतं. आयएसओ ९००१ च्या २०१५ च्या आवृत्तीतलं ७.२ हे कलम सांगतं, की माणसं कामाला सक्षम आहेत याचा लेखी पुरावा ठेवा. सक्षम असल्याचा, कोर्स उघडून पाहिल्याचा नव्हे. पण पुरावा म्हणून सगळ्यात स्वस्त काय मिळतं, तर पोर्टलचा अहवाल. त्यामुळे कलमात नसलेली गोष्ट हळूहळू कपाटात जाऊन बसली: वाचायलाही लॉगिन, कारण वाचल्याचाही पुरावा.

दोनेक वर्षांपूर्वी मी हे बदलायला घेतलं. मशीनची मॅन्युअलं, सेटिंगचे व्हिडिओ, जुन्या बिघाडांच्या नोंदी हे सगळं पाहुण्यांच्या प्रवेशावर टाकलं आणि मशीनशेजारी क्यूआर कोड चिकटवले. मेंटेनन्सचं मॅन्युअलसुद्धा. पॅरामीटर बदलायची चावी इन्चार्जकडेच राहिली, वाचायला कुणालाही मोकळीक. चाचणीला आणि मशीनवर उभं राहायच्या परवान्याला तेवढं लॉगिन ठेवलं. प्लांट हेडनी एकच विचारलं, "बाहेर गेलं तर?" मी म्हटलं, "सर, यातलं निम्मं मशीनवाल्यांनीच छापून दिलेलं आहे आणि निम्मं आपल्याच पोरांनी फोनवर शूट केलंय." आमची स्वतःची प्रोसेस शीट्स, ग्राहकाची ड्रॉइंग्ज, ही मात्र कुलपातच आहेत. त्यांना खरंच राखायची गरज आहे, आणि ती एवढीशीच निघाली याचं मला तेव्हाही नवल वाटलं.

पुढच्या ऑडिटला अपेक्षित प्रश्न आलाच. ऑडिटरनी क्यूआर टिपून पाहिला, व्हिडिओ उघडला, आणि विचारलं, "हा कुणी कुणी पाहिला याचं रेकॉर्ड?" नाही, म्हटलं. त्यांनी पेन थांबवलं. मी त्यांना शेजारच्या मशीनवरच्या ऑपरेटरकडे नेलं, त्याचा परवाना दाखवला, चाचणीचे गुण दाखवले, आणि ऑफसेट कसा भरतोस हे त्यालाच विचारायला सांगितलं. त्याने भरून दाखवला. ऑडिटरनी ते मान्य केलं. फक्त परवान्याच्या फॉर्मवर आवृत्तीचा क्रमांक नव्हता, तेवढं निरीक्षण लिहून गेले.